पोळा ते दिवाळी: उसाच्या जोड ट्रॉलीची चासी-दुरुस्ती आणि आरसीचं नूतनीकरण

जुनी ट्रॉली दुरुस्तीला काढणार असाल तर गॅस पेटवायच्या आधी आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) हातात घ्या. दोन्ही कामं एकाच हंगामात उरकली, म्हणून तारखा आणि खर्चासकट क्रमानं लिहितोय. लातूर भागात बऱ्याच जणांच्या ट्रॉल्या २०१० च्या मागच्या-पुढच्या आहेत, त्यांना उपयोग होईल.

एका ट्रॅक्टरमागं जोडीनं चालणाऱ्या दोन चारचाकी ट्रॉल्या. दोन्हींची नोंदणी नोव्हेंबर २०१० ची, म्हणजे पंधरा वर्षांची मुदत १८ नोव्हेंबर २०२५ ला संपणार होती. कारखाना नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेटणार, आणि तोडणी-वाहतुकीचा करार करताना कारखान्याचा शेती विभाग आरसी आणि विम्याची प्रत मागतोच. ट्रॅक्टरची आरसी वेगळी, प्रत्येक ट्रॉलीची वेगळी, आणि मुदतही ज्याची त्याची. ट्रॅक्टरचे कागद चालू आहेत म्हणून ट्रॉलीचेही चालू असतील असं धरून चालू नका.

पोळा झाला की पहिलं काम केलं ते चासी नंबर शोधण्याचं. उजव्या बाजूच्या लांब चॅनेलवर (इंग्रजी 'सी' आकाराची लोखंडी तुळई), टर्नटेबलच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या रिंगच्या, थोडं मागं, रंगाच्या तीन थरांखाली तो होता. तिथं ग्राइंडर लावू नये. पंच केलेले आकडे उथळ असतात, चकती एकदा फिरली की आठचा तीन होतो. पेंट रिमूव्हर लावून ठेवायचा आणि हातातल्या तारेच्या ब्रशनं घासायचं. आकडे दिसले की खडूनं चौकोन आखून मिस्त्रीला सांगायचं, या चौकोनात कटर, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नाही. नंबर असलेला तुकडाच कापून नवा चॅनेल टाकला तर आरसीवरची ट्रॉली आणि समोर उभी असलेली ट्रॉली एकच आहे हे सिद्ध करणं जड जातं. तडा नेमका त्याच जागी असेल, किंवा चासीच बदलायची असेल, तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. हौदा लांब करणं, उंची वाढवणं हेही त्याच कलमात येतं. आमचा तडा नंबरापासून लांब, मागच्या पाट्याजवळ (लोखंडी पानांच्या स्प्रिंगजवळ) होता.

दुसरी अडचण आरसीवरच सापडली. एका ट्रॉलीवर बँकेचा बोजा अजून नोंदलेला. कर्ज कधीच फिटलेलं, पण नोंद कुणी उतरवली नव्हती. त्यासाठी बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र लागतं. कर्ज जुनं असल्यामुळं शाखेला खातं शोधायलाच वेळ लागला, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत लांबलेली वाट तीच. आरसीवर बोजा दिसत असेल तर बँकेचा अर्ज आजच टाका, बाकीचं नंतर.

कागद बँकेत अडकलेले असताना ट्रॉल्या वर्कशॉपला लावल्या. पहिल्या वर्कशॉपनं किलोवर मजुरी सांगितली आणि सोबत सल्लाही दिला: अख्ख्या चासीला खालून दुसरा चॅनेल जोडून घ्या, आयुष्यभर बघायला नको. नवीन बांधणीत किलोवर मजुरी ठीक आहे. दुरुस्तीत ती घेऊ नये, कारण जितकं लोखंड जास्त तितकी मजुरी जास्त, मग मिस्त्री लोखंडच सुचवणार. १५० बाय ७५ मिलिमीटरचा चॅनेल मीटरला सुमारे १६.८ किलो भरतो. सहा मीटरचे दोन नग म्हणजे दोन क्विंटल. हे वजन प्रत्येक खेपेला ओढायचं, डिझेल जाळायचं, आणि तडा ज्या कारणानं गेला ते कारण तिथंच. आम्ही रोजावर ठरवलं: मिस्त्रीला बाराशे, हेल्परला सहाशे, लोखंड आमचं.

लोखंड घेताना काट्याजवळ उभं राहा. आयएसएमसी १०० चा, म्हणजे १०० मिलिमीटर उंचीचा, चॅनेल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास असतो. सहा मीटरचा नग ५७ किलोच्या घरात यायला हवा. आम्हाला पहिल्यांदा दाखवलेला नग ४८ भरला. 'हलका माल आहे मालक, दरात कमी करून देतो' असं उत्तर मिळालं. गेटसाठी तो चालेल, ट्रॉलीच्या आडव्या चॅनेलला नाही. बिलावर आयएस २०६२ (बांधणीच्या पोलादाचं भारतीय मानक) लिहून घ्या आणि पक्कं बिल ठेवा. दर त्या वेळी ६२ ते ६५ रुपये किलो, वर १८ टक्के जीएसटी.

आता तड्याकडं येतो. चासी धुतल्याशिवाय तडे दिसत नाहीत. चिपाड, माती आणि ग्रीस मिळून जो थर बसतो तो डिझेल मारून, खरवडून, प्रेशरच्या पाण्यानं काढला. रंगावर गंजाची लालसर रेघ दिसली तर बहुतेक वेळा खाली तडा असतोच. टोक कुठं संपतं ते मात्र डोळ्यांना कळत नाही. गावठी पद्धत म्हणजे रॉकेल लावून पुसायचं आणि वर खडूची पूड. आत शिरलेलं रॉकेल परत बाहेर येऊन पुडीत रेघ उमटवतं. डीपीटीचे, म्हणजे रंगानं तडा शोधायच्या चाचणीचे, तीन डबे आणले तर काम आणखी स्वच्छ होतं: क्लीनर, लाल पेनेट्रंट आणि पांढरा डेव्हलपर. लाल द्रव दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, फडक्यानं पुसायचा (क्लीनर फडक्यावर घ्यायचा, चॅनेलवर फवारायचा नाही), मग पांढऱ्याचा पातळ थर. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ डोळ्यांना दोन बोटं दिसणारा तडा पांढऱ्यावर चार बोटं निघाला. खालच्या पाकळीच्या (चॅनेलच्या आडव्या बाजूच्या) कडेपासून सुरू होऊन चॅनेलच्या उभ्या भागात वर चढलेला.

तिथं आधीच्या दुरुस्तीची १२ मिलिमीटर जाड, मीटरभर लांब पट्टी होती. चौकोनी कापलेली, चारी बाजूंनी भरून वेल्डिंग केलेली. एकेक पट्टी चौदा किलोची. तडा बरोबर पट्टीच्या उभ्या वेल्डिंगला लागून, पट्टी संपते तिथं. बहुतेक ट्रॉल्यांचं दुखणं हेच आहे. १५० च्या चॅनेलचा उभा भाग साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, पाकळी नऊ मिलिमीटर. त्यावर १२ ची पट्टी मारली की तेवढा भाग ताठ होतो, आणि बांधावरून जाताना चासी जो पीळ खाते तो सगळा पट्टीच्या कडेला येऊन थांबतो. तार एकाच जागी मागं-पुढं वाकवली की तुटते, तसंच. वर खालच्या पाकळीवर आडवं वेल्डिंग. भरलेल्या ट्रॉलीत त्या पाकळीला सगळ्यात जास्त ताण असतो, आणि आडव्या टाक्याची कड म्हणजे ताणाच्या वाटेत पाडलेली खाच. दरवर्षी वेल्डिंग आणि दरवर्षी त्याच्या शेजारी नवा तडा, याचं कारण एवढंच.

वेल्डिंगआधी मापं घेतली. पुढच्या हुकाच्या पिनेपासून मागच्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावायचा. दोन्ही मापं सारखी हवीत. एका ट्रॉलीत २२ मिलिमीटरचा फरक आला. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल एका बाजूनं मागं सरकला होता, म्हणून ती ट्रॉली तिरकी चालत होती आणि एकाच बाजूची टायरं कडेनं झिजत होती. एक्सल जागेवर न आणता तडा भरला असता तर वाकडी चासी कायमची वाकडी राहिली असती. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि पिन-बुश नवे टाकले. पाट्यावर वेल्डिंग अजिबात नाही. पाट्याला कडक पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून-बुडवून तो कडक केलेला असतो; वेल्डिंगचा नुसता ठिपका पडला तरी तिथून पान तुटतं.

ट्रॅक्टर सोडवून ट्रॉली लाकडी स्लीपरवर बसवली. जॅक फक्त उचलायला; जॅकवर उभ्या ट्रॉलीखाली कुणी शिरायचं नाही. चाकं काढताना, ९.००-२० च्या रिमला लॉक रिंग असते, आधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडायची, मगच नट. रिमला तडा असेल तर टायर चढलेलं असताना रिमला वेल्डिंग किंवा गॅस लावू नये, हवा सोडलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून त्यातून वायू सुटतो आणि टायर फुटतं. हौद्याच्या कोपऱ्यातलं वाळकं पाचट झाडून काढलं, पाण्याच्या बादल्या आणि वाळू जवळ ठेवली. अर्थिंगचा चिमटा तड्याच्या हातभर अंतरात, घासून चमकवलेल्या लोखंडावर. चिमटा चाकाच्या हबला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर चट्टे पडतात.

जुन्या पट्ट्या कटिंग चकतीनं टाके कापून काढल्या, गॅसनं नाही, म्हणजे खालचा चॅनेल खात नाही. तड्याच्या टोकापलीकडं चार-पाच मिलिमीटरवर ६ मिलिमीटरचं भोक पाडलं. टोकाच्या अलीकडं भोक पडलं तर त्याचा उपयोग शून्य. तड्यावर ग्राइंडरनं साधारण ६० अंशाची व्ही पाडली, मुळाशी दोन मिलिमीटर फट ठेवली, आणि खालून बॉटल जॅकनं चॅनेल उचलून बाक काढला. लाइनदोरी लावून बघितल्याशिवाय टाके मारायला घेतले नाहीत.

वेल्डिंगच्या रॉडवरून (६०१३ आणि ७०१८ हे त्याचे प्रकार) चाचांचं, म्हणजे मिस्त्रींचं, आणि आमचं थोडं वाजलं. ते म्हणाले, "६०१३ नं निम्म्या जिल्ह्याच्या ट्रॉल्या जोडल्यात मी." खोटं नाही. फाळका, अँगल, पत्रा याला ६०१३ उत्तम. चासीच्या खालच्या पाकळीला मात्र ई-७०१८ घ्यावा. त्याच्या टाक्यात हायड्रोजन कमी राहतो आणि टाका ताणाला चिवट असतो. अट अशी की रॉड कोरडा हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तशा हवेत उघडं पाकीट तासा-दोन तासांत ओल धरतं. ओला ७०१८ लावण्यापेक्षा कोरडा ६०१३ परवडला. रॉड उन्हात ठेवणं म्हणजे वाळवणं नव्हे, त्याला ३०० ते ३५० अंशांची भट्टी तासभर लागते. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या शेडमध्ये ओव्हन होता, तिथं भाजून डब्यात बंद करून आणले आणि लागतील तसे थोडे-थोडे काढले. मशीन डीसी, रॉड पॉझिटिव्हला, ३.१५ मिलिमीटरला ११० ते १२५ अँपिअर. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हा रॉड नीट पेटतच नाही, चिकटतो. संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की डीसीवरही चिकटायला लागतो. म्हणून चासीचे टाके सकाळी, बाकीचं किरकोळ संध्याकाळी.

पहिला थर मुळात उतरवायचा, खपली पूर्ण झाडायची, तारेच्या ब्रशनं चमक येईपर्यंत घासायचं, मग पुढचा. चाचांनी पाकळीच्या दोन्ही कडांना चॅनेलचेच छोटे तुकडे टाचून घेतले आणि टाका त्या तुकड्यावर सुरू करून तुकड्यावरच संपवला. टाका संपतो तिथं खड्डा राहतो, तो खड्डा पाकळीच्या कडेवर पडला तर पुढचा तडा तिथूनच. नंतर तुकडे कापून कड सपाट केली, आणि घासताना चकतीचे ओरखडे चॅनेलच्या लांबीच्या दिशेनं ठेवले, आडवे नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी चाचांच्या रोजात शंभर वाढवायला हरकत नव्हती. टाका आपोआप गार होऊ द्यायचा. हेल्परच्या हातातला पाण्याचा मग मात्र सारखा पुढं येत होता. लवकर रंग मारायचा म्हणून पाणी ओतायची सवय सगळीकडं आहे आणि त्यानं टाक्याची कड ठिसूळ होते.

वरून आधाराची पट्टी ६ मिलिमीटरची, ४५० लांब, १०० उंच, दोन्ही टोकं तिरकी कापून माशाच्या तोंडासारखी केलेली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. ती फक्त उभ्या भागावर, आतून. पाकळीच्या गोलाईपर्यंत वेल्डिंग नेलं नाही. खालच्या पाकळीला ८ मिलिमीटरची, ६०० लांब पट्टी, टोकाकडं निमुळती, फक्त दोन लांब बाजूंनी जोडलेली. टोकाला आडवा टाका नाही. आडव्या चॅनेलपैकी जे गंजून पातळ झाले होते ते १०० च्या नव्या चॅनेलनं बदलले. गार झाल्यावर पुन्हा लाल-पांढरं करून बघितलं. एका टाक्याच्या कडेला बारीक लाल ठिपके आले, हवेची भोकं. तेवढं घासून परत भरलं.

हुकाचं भोक लांबट झालं होतं. ते भरून द्या असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. हुक आणि पिना बहुधा ईएन-८ सारख्या पोलादाच्या असतात, त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. आधी दीडशे-दोनशे अंश तापवून आणि हळू गार करूनच वेल्डिंग टिकतं, नाहीतर रस्त्यात तुटतं आणि मागची ट्रॉली सुटते. नवा हुक, नवी पिन आणि साखळी लावली. हबच्या बेअरिंगचा नट चाक फिरवत घट्ट करायचा, मग थोडा मागं सोडून स्प्लिट पिन. नवी स्प्लिट पिन, जुनी सरळ करून नाही.

टायर सोडून दोन्ही ट्रॉल्यांचा खर्च पन्नास हजारांच्या आत बसला. लोखंड जीएसटीसह पावणेआठ हजार, रॉड-चकत्या-प्राइमर-डीपीटी साडेपाच हजारांच्या आत, यू-बोल्ट ते बेअरिंग साडेअकरा हजार, बाकी मजुरी. खंडेनवमीला वर्कशॉप बंद, मशीनची पूजा. दसऱ्याच्या आसपासचे दिवस कामात धरू नका.

मधल्या काळात १९ सप्टेंबरनंतर नूतनीकरणाचा अर्ज टाकला. शेतीच्या, म्हणजे बिगर-परिवहन वाहनासाठी फॉर्म २५ असतो आणि तो मुदत संपायच्या ६० दिवसांच्या आतच घेतला जातो, त्याआधी नाही. उशीर केला तर महिन्यागणिक जादा शुल्क. परिवहनच्या वाहन पोर्टलवर अर्ज भरताना आरसीशी जोडलेला मोबाइल नंबर चालू लागतो. जुना नंबर बंद असेल तर तो बदलण्यातच वेळ जातो. तुमच्या आरसीवर ट्रॉली परिवहन वर्गात असेल तर हा रस्ता नाही, फिटनेसचा नियम लागतो: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. विम्यात ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर आहेत का ते वाचून बघा. आमच्या पॉलिसीवर एकच होता, दुसरा वाढवून घेतला.

तपासणीला ट्रॉल्या रिकाम्या, धुतलेल्या न्यायच्या. रेड ऑक्साइड आणि वरचा रंग मारताना चासी नंबरावर ग्रीस लावून कागद चिकटवला होता, तो तिथंच काढला. निरीक्षकांनी नंबराचा पेन्सिल-ठसा घेतला, मागचे दिवे, हुक, टायर बघितले आणि मोजमाप आरसीशी ताडलं. नव्या पट्ट्यांकडं बोट दाखवून विचारलं, तेव्हा लोखंडाचं बिल आणि दुरुस्तीआधीचे फोटो दाखवले. फोटोत तडा, नंबर आणि टेप एकत्र दिसतील असे काढून ठेवा. मागं लाल, बाजूंना पिवळी, पुढं पांढरी परावर्तक पट्टी. ती धूळ पुसून, कोरड्या रंगावरच चिकटते. एका ट्रॉलीचं काम त्याच फेरीत झालं. बोजा असलेली अडून राहिली, फॉर्म ३५ ची नोंद पोर्टलवर चढल्यावर पुढं सरकली. दोन्हींची आरसी पाच वर्षांसाठी वाढली. दिवाळीपर्यंत अर्जाची स्थिती मंजूर दिसत होती. कार्ड पोस्टानं नंतर आलं, पण करारासाठी पोर्टलवरची छापील प्रत चालली.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले, सगळे थोडेथोडे फिरले. पट्टीच्या टोकांना खडू-रॉकेल महिन्यातून एकदा लावतोय, अजून रेघ उठलेली नाही. मागच्या ट्रॉलीच्या टर्नटेबलच्या रिंगला खेळ आहे, वळताना ठोका बसतो. ती रिंग बदलायला हौदा उचलावा लागेल, म्हणून ग्रीस मारून हंगाम काढतोय. ते काम एप्रिलमध्ये.